जमीन गावाची, घाम ज्याचा त्याचा

सामुदायिक शेती हा शब्द उच्चारला की आपल्याकडचा शेतकरी पहिला प्रश्न विचारतो, "मग माझ्या सातबाऱ्याचे काय?" प्रश्न रास्त आहे. आम्ही ज्या कामगारांत वावरलो, त्यांतल्या पुष्कळांचे एक पाऊल उद्यमनगरातल्या भट्टीजवळ आणि दुसरे गावाकडच्या अर्ध्या एकरात असते. ते अर्धे एकर म्हणजे त्यांची संपाच्या दिवसांतली भाकरी. ते सोडा म्हणणाऱ्याने आधी नीट हिशेब दिला पाहिजे. तोच येथे मांडतो.

एकत्र शेतीच्या वाटा अनेक आहेत. आजच्या इस्रायलच्या भूमीवर १९१० साली दगानिया ही पहिली सामुदायिक वसाहत, म्हणजे किबुत्झ, उभी राहिली. तेथे जमीन, अवजारे, स्वयंपाकघर सारे सामाईक. काम कुवतीप्रमाणे, मिळकत गरजेप्रमाणे. पण त्याच दगानियाने २००७ साली कामाप्रमाणे वेगवेगळे वेतन स्वीकारले. दुसरी वाट आपल्या देशातली. १९५९ साली नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाने संयुक्त सहकारी शेतीचा ठराव केला. मालकी ज्याची त्याची, नांगरट एकत्र, आणि उत्पन्नात जमिनीचा व श्रमाचा वेगवेगळा वाटा. या ठरावावर देशभर वाद माजला आणि ती शेती फारशी रुजली नाही. तिसरी वाट ग्रामदानाची. तिचे आजचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे, आणि ते जाणून घेण्याजोगे आहे.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे लहानसे गाव आहे. वस्ती सुमारे पाचशेची. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क कागदावर आला, पण बांबू बाहेर नेण्याचा परवाना वनखात्याच्याच हाती राहिला. गाव हटले नाही. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले.

पुढे २०१३ साली गावाने शेतजमिनीचाही निर्णय घेतला. महाराष्ट्र ग्रामदान कायदा १९६४ चा. तो आधार धरून गावकऱ्यांनी आपली मालकी ग्रामसभेकडे सोपविली. येथे श्रोत्यांनी एक भेद ध्यानात घ्यावा. मालकी गावाची झाली, तरी वहिवाट ज्याची त्याच्याकडे राहते. विसावा हिस्सा भूमिहीनांसाठी काढायचा. उरलेली जमीन मूळ कुटुंबाने कसायची आणि मुलाबाळांनीही. चूल वेगळी, बैल वेगळे, पीकही ज्याचे त्याचे. जाते ते एकच : गावाबाहेरच्याला जमीन विकण्याचे स्वातंत्र्य. अडल्यानडल्या माणसाकडून जमीन कोण काढून घेतो, हे ज्याने पाहिले आहे, त्याला या एका अटीचे मोल सांगावे लागत नाही.

आम्हांला त्याहून मोलाची वाटते ती निर्णयाची रीत. मेंढ्यात ठराव बहुमताने होत नाही, सर्वानुमते होतो. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या बैठकीवर जातो. त्याखेरीज अभ्यासगट बसतात. तेथे फक्त चर्चा होते, निर्णय होत नाही. आमच्या कामगार चळवळीने हात वर करून मते मोजली आणि पुष्कळदा एका युनियनच्या दोन करून घेतल्या. हरलेले एकोणपन्नास जिंकलेल्या एक्कावन्नांबरोबर मनापासून चालत नाहीत, हा साधा हिशेब आहे.

यात अडचणी नाहीत असे नाही. एकमताला वेळ लागतो. आणि दुबळ्याचे मौन म्हणजे संमती असे धरले, तर एकमत हीच जुलमाची आडवाट होते. शिवाय मेंढा गाव लहान, एका समाजाचे, आणि भोवती जंगलाची सामाईक मिळकत. आपल्या पंचगंगाकाठी जातीपाती अनेक, रान बागायती, आणि प्लॉट पाडणारे वेशीवर उभे. तेथले रोप येथे जसेच्या तसे लागणार नाही.

पण आपणही अगदीच अनभिज्ञ नाही. नदीचे पाणी उपसून देणाऱ्या सहकारी पाणीपुरवठा संस्था आपल्या जिल्ह्यात गावोगाव आहेत. पाणी सामाईक, रान ज्याचे त्याचे, ही रीत आपण चालविली आहे. ज्या बांधावरून भाऊ भाऊ कोर्टात जातात, त्याच बांधाखालून संस्थेची पाइपलाइन बिनतक्रार जाते. कारण पाळी ठरलेली असते आणि ती कोणी मोडली तर सर्वांना दिसते.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच. सर्व काही एकत्र करण्याची घाई नको. आधी काय सामाईक ठेवायचे आणि काय ज्याचे त्याचे, हे उघड्या सभेत ठरावे. हिशेबाची वही कोणालाही पाहता यावी. आणि ज्याचे अर्धेच एकर आहे, त्याला सर्वांआधी बोलू द्यावे. एवढे झाले तर सातबाऱ्याच्या प्रश्नाला उत्तर देण्याचा अधिकार आपल्याला येईल.