तीन सेकंदांचा धीर

मास्तरांचा धीर मोजता येतो, आणि तोही सेकंदांत. अमेरिकेतल्या संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या सुमारास विज्ञानाच्या तासांच्या शेकडो ध्वनिफिती ऐकल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती थांबतात? सरासरी जेमतेम एक सेकंद! तेवढ्यात उत्तर आलं नाही की प्रश्न दुसऱ्याकडे जायचा, नाहीतर मास्तरच उत्तर सांगून मोकळे व्हायचे. त्यातही हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांना जरा जास्त वेळ मिळे आणि मागे पडणाऱ्यांना कमी. रो यांनी शिक्षकांना तीन सेकंद थांबायची सवय लावली. उत्तरं लांबली, गप्प बसणं कमी झालं, ‘ढ’ म्हणून सोडून दिलेली मुलं बोलायला लागली. फळा तोच, धडाही तोच.

त्या वाढीव वेळात पोराच्या डोक्यात काय चालतं, ते वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात चांगलं कळेल. पोहरादेवी, म्हणजे बंजारा समाजाची काशी, याच तालुक्यात आहे. तांड्यावरचं पोर घरी गोरबोली बोलतं आणि पहिलीत त्याच्या हाती मराठी पुस्तक येतं. बाईंनी विचारलं, ‘‘टोपलीत किती बोरं उरली?’’ आता त्याला ते मराठी वाक्य धरून ठेवायचंय, आपल्या बोलीत त्याचा अर्थ लावायचाय, वजाबाकी करायचीय आणि उत्तर परत मराठीत जुळवायचंय. माणसाची तात्पुरती स्मृती एका वेळी चारेक गोष्टीच पेलते, मोठ्यांचीसुद्धा. तीत भीतीही वाटा मागते. ‘‘बोल की, तोंड शिवलंय का?’’ असं कुणी खेकसलं की आधी सांडते ती वजाबाकी. वरून मात्र पोर नुसतं गप्प दिसतं.

वाचन तर याहून नवलाचं. बोलणं माणसाकडे फार जुनं आहे. लिपी आली जेमतेम पाच हजार वर्षांपूर्वी. वाचनासाठी मेंदूत वेगळी जागा राखलेलीच नाही. चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या भागाशेजारीच अक्षरांची सोय करून घ्यावी लागते, असं फ्रेंच शास्त्रज्ञ स्तानिस्लास दहान सांगतात. त्या भागाची एक जुनी खोड आहे. बैल डावीकडे तोंड करून उभा असो की उजवीकडे, त्याच्या लेखी बैल तो बैलच. पण ३ ने तोंड फिरवलं की ६ होतो! लहान मूल आकडे उलटे काढतं तेव्हा ते आळशीपणा करत नसतं. हजारो वर्षं उपयोगी पडलेलं ज्ञान त्याला मोडावं लागत असतं. आणि जिल्ह्याचं नाव लिहायचं तर ‘वाशिम’मधली वेलांटी हात आधी काढतो आणि तोंड नंतर उच्चारतं. आपण मोठे हे रोज करतो, म्हणून आपल्याला त्याचं काही वाटत नाही, इतकंच.

उशिरा शिकणाऱ्यांचं काय? लखनौजवळच्या गावांतल्या, कधी शाळा न पाहिलेल्या प्रौढांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं गेलं. मेंदूची चित्रं काढून पाहिली, तर पार खोलवरच्या भागांतही बदल दिसले. हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. तिशीतला मेंदू एवढा वळतो. चौथीतल्या पोराला ‘आता याचं काही खरं नाही’ म्हणणं मला तरी अडाणीपणाचं वाटतं.

अशा मागे पडलेल्या मुलांशी कनवाळूपणा म्हणजे गोड बोलणं, असाही एक समज आहे. पण तेवढ्यानं भागत नाही. मुंबई आणि वडोदऱ्यात ‘प्रथम’ संस्थेच्या ‘बालसखी’ नावाच्या शिक्षिका मागे राहिलेल्या मुलांना वेगळं बसवून, ती जिथे अडली होती तिथपासून शिकवत. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो यांनी हा प्रयोग तपासला, तेव्हा सर्वांत कच्च्या मुलांनाच त्याचा फायदा झालेला दिसला. पुढे २०१९मध्ये दोघांना नोबेलही मिळालं. चौथीच्या वर्गात दुसरीचं शिकवायला शिक्षकाला मोकळीक लागते, अभ्यासक्रम संपवण्याची घाई बाजूला ठेवावी लागते. ती मोकळीक वरून मिळायला हवी. एकट्या गुरुजींच्या माथी मारून चालणार नाही.

वाशिम २०१८पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे आणि त्या गुणांकनात शिक्षणाला ३० टक्के वजन आहे. आकडे वर पाठवावे लागणारच. पण तांड्याच्या शाळेवर नव्याने रुजू होणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना माझी एक विनंती आहे: पहिल्या महिन्यात गोरबोलीतली चार वाक्यं शिकून घ्या. शिकवायला पहिलीतली पोरंच पुढे येतील, आणि तुमचे उच्चार चुकले तर धीर धरण्याची पाळी त्यांच्यावर येईल.