‘तोच खेळ’ : एका पदाच्या अर्थाचा विचार

इ. स. २०१३ च्या उन्हाळ्यात न्यू जर्सी येथे माझ्या थोरल्या बहिणीकडे काही दिवस राहण्याचा योग आला. तिच्या मुलाच्या टेबलावर एकाच नावाच्या दोन डब्या होत्या. ‘मॉन्स्टर हंटर ३ अल्टिमेट’ हे नाव दोहोंवर सारखेच होते. चित्रही जवळजवळ एकच. मोठी डबी दूरचित्रवाणी संचाला जोडावयाच्या ‘वी यू’ या कन्सोलसाठी, तर लहान डबी हातात धरून खेळावयाच्या ‘थ्रीडीएस’ या यंत्रासाठी होती. पहिलीची किंमत सुमारे ६० डॉलर, दुसरीची ४०. बहिणीने साहजिकच विचारले, ‘अरे, हा तोच खेळ ना? मग त्याचे पैसे दोनदा कशाला?’ भाचा म्हणाला, ‘तोच आहे गं आई, पण तो नाही.’ घरातील मंडळी हसली. भाषाशास्त्राच्या अध्यापकाला मात्र हे उत्तर हसून सोडून देता येईना. कारण त्यात होकार आणि नकार एकत्र असूनही ते असत्य नव्हते.

मराठीतील ‘च’ हे अव्यय निश्चयार्थी आहे. ‘तो’ या दर्शकाला ते जोडले की अन्य वस्तूची शक्यता नाकारली जाते, असे आपण वर्गात सांगतो. प्रत्यक्ष वापर इतका सरळ नाही. ‘चोरीला गेलेली तीच सायकल सापडली’ या वाक्यात ‘तीच’ म्हणजे त्याच लोखंडाची, त्याच ओरखड्यांची ती एक वस्तू. उलट ‘तुम्ही आणलेत तेच पुस्तक मीही आणले’ असे म्हणणाऱ्याने आपल्या हातातील प्रत पळविली, असे कोणी समजत नाही. गंमत अशी की तेथे ‘तसेच पुस्तक’ म्हटले तर अर्थ बिघडतो. ‘तसेच’ म्हणजे त्या धर्तीचे, पण वेगळे. सारांश, ‘तेच’ हे पद कधी व्यक्तीचे ऐक्य सांगते, कधी जातीचे. वाक्यातील नाम कोणत्या प्रकारचे आहे, यावरून ऐकणारा निवड करतो. व्हिडिओ गेमच्या बाबतीत ही निवड कशी करावयाची, हे अद्याप भाषेत रुळलेले नाही, आणि तेथेच माझ्या बहिणीचे ४० डॉलर अडकले होते.

सोस्यूरच्या १९१६ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांतील आगगाडीचे उदाहरण विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहेच. जिनीव्हाहून रोज ठराविक वेळी पॅरिसला निघणाऱ्या गाडीचे इंजिन, डबे, नोकर सारे बदलले तरी आपण तिला तीच गाडी म्हणतो. चोरीला जाऊन जुन्या बाजारात सापडलेल्या कपड्यांचे ऐक्य मात्र त्यांच्या कापडात असते. आपल्याकडे १९३० साली सुरू झालेल्या ‘डेक्कन क्वीन’चे डबे २०२२ साली बदलले, पुण्याच्या प्रवाशाने म्हणून तिला दुसरी गाडी म्हटले नाही. आपल्या परंपरेत वेदान्त्यांनी हाच प्रश्न ‘तो हा देवदत्त’ या वाक्यावर सोडविला आहे. तेथील ‘तो’ आणि ‘हा’ यांत जो देशकालाचा विरोध आहे, तो भाग टाकावयाचा आणि उरलेला अविरोधी अंश ठेवावयाचा, ही भागत्यागलक्षणा होय. प्रस्तुत विषयात विचारावयाचे ते इतकेच : दोन यंत्रांवरील खेळ एकच म्हणताना कोणता भाग टाकला जातो, आणि कोणता टाकून चालत नाही?

आरंभीच्या काळात काही उत्पादकांनी हा प्रश्न उद्भवूच दिला नाही. १९९० साली निघालेले ‘पीसी इंजिन जीटी’ हे हातातील यंत्र घरच्या ‘पीसी इंजिन’चीच पत्त्यासारखी पातळ कार्डे वापरी. सेगा कंपनीच्या १९९५ च्या ‘नोमॅड’मध्ये घरच्या ‘जेनेसिस’चीच कार्ट्रिजे बसत. येथे ‘तोच’ म्हणजे सायकलीच्या अर्थाने तोच. दूरचित्रवाणीच्या पडद्यासाठी आखलेली अक्षरे तळहाताएवढ्या काचेवर वाचताना डोळ्यांना शीण होई आणि ‘नोमॅड’ला सहा विजेऱ्या लागत, हे खरे, परंतु पैसे दोनदा द्यावे लागत नसत.

दुसरे टोक म्हणजे नुसत्या नावाचे ऐक्य. सार्वजनिक खेळयंत्रांवर १९९१ साली गाजलेला ‘स्ट्रीट फायटर २’ हा खेळ १९९५ साली निन्टेन्डोच्या ‘गेम बॉय’वर आला. मूळ यंत्रावर प्रहारांसाठी सहा बटणे, येथे दोन. म्हणून बटण किती वेळ दाबले यावरून प्रहाराचा जोर ठरविण्यात आला. रंगांच्या जागी एकाच रंगाच्या चार छटा राहिल्या. काही योद्धेही गाळले गेले, आणि त्यांत एकमेव भारतीय योद्धा धालसिम होता. ज्या खेळाडूला धालसिमच प्रिय, त्याने डबीवरील नावावर विसंबून पैसे मोजले असतील तर त्याला काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. तथापि तो खेळ खोटा म्हणता येणार नाही. सहा स्वनिमांचे भेद दोनच ध्वनींवर, केवळ ऱ्हस्वदीर्घाच्या आधारे, पेलणारी ती एक बोली होती, असे म्हणावे.

या दोन टोकांच्या मध्ये ‘मॉन्स्टर हंटर’ येतो. दोन्ही यंत्रांवरील नियम, प्राणी आणि हत्यारे तीच. वी यूवरील चित्र अधिक स्पष्ट, आणि दूरदूरच्या खेळाडूंशी इंटरनेटवरून खेळण्याची सोय फक्त तेथे. थ्रीडीएसवर जवळ बसलेल्या मित्रांशीच खेळता येई. हाताच्या दृष्टीनेही फरक होता. वी यूच्या नियंत्रकावर दोन काड्या होत्या, एकीने चालावे व दुसरीने पाहावे. थ्रीडीएसवर एकच होती आणि पाहण्याचे काम अन्य बटणांवर किंवा वेगळ्या विकत घ्यावयाच्या जोडणीवर पडे. हे सारे भेद भागत्यागात टाकण्याजोगे आहेत. आपण आवाज बसला तरी तेच वाक्य बोलतो, तसेच हे.

टाकण्याजोगे नव्हते ते दुसरेच काही. हा खेळ शेकडो तासांचा आहे. शिकार करावी, तिच्या हाडाकातड्यांतून नवे शस्त्र घडवावे, त्याने मोठी शिकार साधावी, असा त्याचा क्रम. ही जमा झालेली प्रगती ‘सेव्ह’ या नावाने यंत्रात राहते. यासाठी एक लहानसा विनामूल्य प्रोग्रॅम थ्रीडीएसच्या दुकानातून उतरवून घेता येत असे. त्याच्या योगे सेव्ह एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येई. भाचा शनिवारी सकाळी दिवाणखान्यात अर्धवट टाकलेले काम दुपारी मोटारीच्या मागच्या आसनावर पुढे चालवी. त्याच्या दृष्टीने खेळ एकच होता, कारण त्यातील ‘मी’ एकच होता. त्याचे वाक्य आता उलगडते : ‘तोच आहे’ हे त्या अखंड शिकाऱ्याविषयी, ‘तो नाही’ हे डबीविषयी. बहिणीचे ‘तोच’ नावाविषयी होते. दोघेही शुद्ध मराठी बोलत होते, आणि दोघांचे एकमेकांना कळत नव्हते.

या सेव्हचे महत्त्व उलट उदाहरणाने अधिक स्पष्ट होते. ३ मार्च २०१७ रोजी ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हा खेळ वी यूवर आणि नव्या ‘स्विच’ यंत्रावर एकाच दिवशी आला. दोहोंतील मजकूर जवळजवळ अक्षरशः सारखा. परंतु सेव्ह नेण्याची वाट नव्हती. वी यूवर निम्मा देश पालथा घातलेल्या ज्या कोणी खिशात नेण्यासाठी स्विचची प्रत घेतली, त्याला पहिल्या गुहेतून पुन्हा निघावे लागले. याच्या अगदी विरुद्ध, २०१५ चा ‘द विचर ३’ हा खेळ २०१९ साली स्विचवर आणताना चित्र पुष्कळच पुसट करावे लागले. तरीही २०२० साली संगणकावरील सेव्ह तेथे आणण्याची सोय झाल्यावर कित्येकांना तो ‘आपला’ खेळ वाटू लागला. सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी वेगळ्या ठरतात आणि विसदृश दोन गोष्टी एक, हे संरचनावादाच्या अभ्यासकाला नवल नाही.

विक्रेत्यांनाही हे कळले होते, असे त्यांच्या शब्दांवरून दिसते. दिग्दर्शक हिदेओ कोजिमा यांनी २०११ साली दोन यंत्रांमध्ये सेव्ह नेण्याच्या सोयीला ‘ट्रान्सफॅरिंग’ असे नाव दिले. ‘ट्रान्सफर’ आणि ‘शेअरिंग’ यांचा हा संकर. शब्द फारसा रुजला नाही, आणि कानाला तो गोडही नाही. पण नेणे आणि वाटून घेणे या दोन क्रियांत कोठेतरी हे बसते, हे त्यांनी नेमके हेरले. सोनीने २०१२ साली ‘क्रॉस-बाय’ ही पद्धती जाहीर केली : निवडक खेळ प्लेस्टेशन ३ साठी घेतले की हातातील ‘व्हिटा’साठीची प्रत वेगळ्या पैशांशिवाय मिळे. येथे विक्रेत्याने माझ्या बहिणीची व्याख्या मान्य केली म्हणावयाची. निन्टेन्डोने त्याच सुमारास निराळा मार्ग धरला. २०१४ साली ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ दोन यंत्रांवर आला तो योद्धे तेच, परंतु रिंगणे आणि काही खेळप्रकार मुद्दाम वेगळे ठेवून. शिवाय दोन्ही प्रती विकत घेऊन नोंदविणाऱ्यास म्यूटू हा जादा योद्धा फुकट. म्हणजे एकाने दुसऱ्या प्रतीची किंमत सोडली, तर दुसऱ्याने दुसरी प्रत घेण्याला बक्षीस लावले. दोघांच्या जाहिरातींत खेळ मात्र ‘एकच’. मला दुसऱ्या रीतीत लबाडी दिसत नाही, कारण वेगळेपण खरेच पुरविले होते; पण नाव एक ठेवून वेगळेपणाचे मोल घेणाऱ्याने ते डबीवर ठळक छापावे, एवढी अपेक्षा अवाजवी नव्हे.

स्विच हे यंत्र घरचेही आणि हातचेही असल्याने या दुहेरी खरेदीचे एक कारण नाहीसे झाले. २०२२ च्या ‘स्टीम डेक’वर संगणकासाठी पूर्वी घेतलेले खेळच चालू लागले. तथापि दोन वेगळ्या कंपन्यांची यंत्रे बाळगणाऱ्याचा प्रश्न तसाच आहे, आणि त्यात ‘तोच’ इतकाच ‘घेणे’ हा शब्दही निसरडा झाला आहे. डबी घेणाऱ्याला ती विकता येते, देता येते. केवळ उतरवून घेतलेल्या खेळाच्या बाबतीत ग्राहकास मिळतो तो बहुधा वापरण्याचा परवाना. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून अमलात आलेल्या कायद्याने अशा वस्तूंच्या विक्रेत्यास, हा परवाना आहे हे स्पष्ट सांगितल्याखेरीज ‘विकत घ्या’ अशा अर्थाचे शब्द वापरण्यास मनाई केली. कायमची उतरवून ठेवता येणारी वस्तू तेवढी वगळली. एका क्रियापदाच्या अर्थासाठी विधिमंडळाने खपावे, असे प्रसंग अर्थविचाराच्या अभ्यासकाच्या वाट्याला वारंवार येत नाहीत.

न्यू जर्सीतील त्या दोन डब्यांचे पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे, कारण ऐक्य कोठे होते हे त्यावरून कळते. २७ मार्च २०२३ रोजी निन्टेन्डोने वी यू आणि थ्रीडीएस यांची इंटरनेटवरील दुकाने नव्या खरेदीसाठी बंद केली. त्याबरोबर सेव्ह नेणारा तो लहान प्रोग्रॅमही, ज्याने आधी उतरवून घेतला नव्हता, त्याला दुरापास्त झाला. आज कोणी जुन्या बाजारातून त्याच दोन डब्या मिळविल्या, तर छापील नाव तेच, आतील संहिता तीच, आणि तरीही ते दोन खेळ. मधला पूल डबीत कधी नव्हताच. पुढे ८ एप्रिल २०२४ रोजी दोन्ही यंत्रांची इंटरनेटवरून खेळण्याची सेवा थांबली, आणि मोठ्या डबीचे जे एक निर्विवाद आधिक्य होते तेही गेले. लहान डबीचे त्यात काही बिघडले नाही. शेजारी बसलेल्या मित्राशी खेळण्याला कोणाची सेवा लागत नाही.

त्याच वर्षी भाचा नोकरीनिमित्त दुसऱ्या राज्यात राहावयास गेला. कपाट आवरताना बहिणीने दूरध्वनीवर त्याला विचारले, की या दोहोंतला कोणता ठेवू, दोन्ही एकच तर आहेत. त्याने लहान यंत्र व लहान डबी ठेवावयास सांगितले. शेवटी सेव्ह कोठे नेऊन ठेवला होता, हे त्याला अकरा वर्षांनंतरही आठवत होते.