मरणाची समता आणि चोखोबांची समाधी

12 जुलै जवळ आला की पानशेतच्या आठवणी निघतात. 1961 साली त्या दिवशी पानशेतचं धरण फुटलं, लोंढा खडकवासल्याच्या दगडी भिंतीलाही झेपला नाही, आणि मुठेकाठी पाण्यानं वाडा पाहिला नाही की खोपट. मग हमखास कुणीतरी म्हणतं, मरणापुढे सगळे सारखेच. हवेली-मुळशीकडे कुठल्याही दशक्रियेला बसा, प्रवचनात हाच सूर लागतो: राजा काय नि रंक काय, माज कशाचा करायचा? अभंग-भारुडांपासून 1955 साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालेल्या गदिमांच्या गीतरामायणापर्यंत मरणाची ही सत्ता आपण गात आलो आहोत.

मला हा दिलासा पुरत नाही. कारण चोखोबा.

मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू होतं, महारांना वेठीला धरलेलं. 1338 साली ती भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले. ज्या हाडांतून विठ्ठलाचं नाव ऐकू आलं ती नामदेवांनी वेचली, अशी कथा आहे. अस्थी पंढरपूरला आल्या, पण समाधी झाली महाद्वाराबाहेर. जवळच नामदेव पायरी. संतांचे पाय लागावेत म्हणून नामदेवांनी ती जागा मागून घेतली म्हणतात. चोखोबांना मागायची सोयच नव्हती. जिवंतपणी जिथवर येता येत होतं, तिथंच त्यांच्या अस्थीही थांबल्या. त्यांच्या माणसांना आत जायला 1947 उजाडावं लागलं, त्यासाठी साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं.

म्हणून त्याच घरातली दुसरी गाणी मला जास्त खरी वाटतात. चोखोबांच्या पत्नी सोयराबाई समतेसाठी मरणाची वाट पाहत नाहीत. विटाळाशिवाय जन्मलेला एक तरी देह आहे का, असं त्या रोखठोक विचारतात. मुलगा कर्ममेळा तर असा जन्म का दिलास म्हणून देवालाच जाब विचारतो.

मरणानंतरची समता गायला वरच्या माणसाला काही सोडावं लागत नाही. पाणवठा, देऊळ, जमीन, सोयरीक सगळं जिथल्या तिथं राहतं. आणि स्मशान तरी कुठं एक आहे? महाराष्ट्रात आजही कितीतरी गावांत ते जातवार आहे.

दशक्रियेला उभं राहणाऱ्या प्रवचनकार महाराजांकडे माझं एक मागणं आहे. तिथं सोयराबाई घ्या. सगळा गाव समोर बसलेला असतो, पुढारी पहिल्या रांगेत असतात. सोयराबाईंचा प्रश्न त्या सगळ्यांना तोंडावर विचारा.