भत्त्याची बचत आणि उतारवयाची शिल्लक

मालवाहतूक हा अनेक व्यापारी कुटुंबांच्या परिचयाचा व्यवसाय. गाडी लांबच्या फेरीवर निघाली की चालकाच्या हाती जेवणखाणासाठी भत्ता ठेवायचा, ही जुनी रीत. अमेरिकेत हाच रोजचा भत्ता, म्हणजे ‘पर डिएम’, करबचतीचे साधन झाला आहे. त्याचा हिशोब मालक आणि चालक या दोघांनीही समजून घेण्याजोगा आहे.

कामानिमित्त घरापासून दूर मुक्काम करणाऱ्या ट्रकचालकासाठी तेथील कर खात्याने १ ऑक्टोबर २०२४ पासून दररोज ८० डॉलरचा दर मान्य केला आहे. पूर्वी तो ६९ डॉलर होता. जेवणाची बिले ठेवावी लागत नाहीत. दिवस व ठिकाणांची नोंद मात्र हवी. स्वतःची गाडी चालविणाऱ्याला या रकमेच्या ८० टक्के, म्हणजे ६४ डॉलर, खर्च म्हणून वजा करता येतात. पगारदार चालकाची अशी वजावट २०१८ पासून थांबली आणि २०२५ च्या कायद्याने कायमची बंद झाली. त्याला उरला तो कंपनीमार्फतचा भत्ता. पण पुष्कळदा हा भत्ता पगारावर वाढीव मिळत नाही. पगाराचाच एक भाग भत्ता म्हणून वेगळा दाखविला जातो.

उदाहरणार्थ, वर्षाला ८०,००० डॉलर मिळविणारा विवाहित चालक २२० दिवस बाहेर राहिला, तर १७,६०० डॉलर करमुक्त होतात. १२ टक्के दराने २,११२ डॉलर प्राप्तिकर आणि ७.६५ टक्के दराने १,३४६ डॉलर सामाजिक सुरक्षा व मेडिकेअरचा कर वाचतो. एकूण सुमारे ३,४५८ डॉलर. कंपनीचेही तेवढेच १,३४६ डॉलर वाचतात. म्हणूनच कंपनी ही योजना उत्साहाने पुढे करते.

आता दुसरी बाजू. तेथील निवृत्तिवेतन सर्वाधिक कमाईच्या ३५ वर्षांच्या सरासरीवर ठरते आणि भत्ता त्या कमाईत धरला जात नाही. अशी दहा वर्षे गेली, तर वरील चालकाचे निवृत्तिवेतन दरमहा अंदाजे १३४ डॉलरने घटते, तेही आयुष्यभरासाठी. अपघातात जखमी झाल्यास अनेक राज्यांत वेतनाच्या सुमारे दोन तृतीयांश भरपाई मिळते. तिच्या हिशोबातही भत्ता बहुधा धरला जात नाही. गृहकर्ज देताना बँकही आधी करपात्र पगारच पाहते.

मग हा व्यवहार तोट्याचा का? तसेही नाही. दहा वर्षांत वाचलेले ३४,५८० डॉलर बाजूला ठेवले, तर व्याज न धरताही ही घट साडेएकवीस वर्षे भरून निघते. मात्र निवृत्तिवेतन महागाईबरोबर वाढते, तिजोरीतली रक्कम आपोआप वाढत नाही. बचत दरमहा खर्चात विरली, किंवा कंपनीने भत्त्याच्या निमित्ताने मैलामागचा दरच कमी केला, तर चालकाच्या पदरी केवळ घटच उरते.

भारतातही हा प्रश्न परका नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार, वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. भविष्य निर्वाह निधी व ग्रॅच्युइटीचा पाया त्यामुळे फारसा आकुंचित करता येत नाही.

भत्ता ठरविताना मालकाने चालकासमोर दोन्ही रकाने मांडावेत: आज हाती काय येते आणि उद्याच्या खात्यातून काय जाते. गाडी चालविण्याचे वय सरल्यावर चालकाला दुसराच रकाना उपयोगी पडणार असतो.