जुन्या यानाला नवा रंग

एखाद्या गावात जुन्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला, की दोन तट पडतातच. एकांचं म्हणणं असतं, भिंतींवरचे रंगाचे आणि चुन्याचे थर खरवडून काढा, आतला दगड दिसू द्या, तेवढं पुरे. दुसरे म्हणतात, हात घातलाच आहे तर शिखरही नवं बांधू, सभामंडपाला फरशी बसवू. दोघांचाही देवळावर जीव असतो, म्हणून भांडण होतं. ज्याला देवळाचं काही पडलेलं नसतं, तो त्या बैठकीला येतच नाही.

अमेरिका आणि इंग्लंडमधल्या जुन्या विज्ञान मालिकांबद्दल गेली अनेक वर्षं असाच वाद चालू आहे. या मालिका नव्या, मोठ्या पडद्यांसाठी पुन्हा तयार केल्या जातात. त्याला रीमास्टरिंग म्हणतात. मालिकेवर प्रेम करणारे लोक मग हमरीतुमरीवर येतात. जुनी चित्रं बदलायची का? बदलायची तर किती? आणि चित्रं बदलता येतात, तर फसलेली कथा का बदलू नये? वाद परक्या मालिकांचा असला तरी त्यातला प्रश्न आपल्या ओळखीचा आहे.

सुरुवात ‘स्टार ट्रेक’पासून करू. जीन रॉडनबेरी यांची ही मालिका 1966 ते 1969 या काळात अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर तीन पर्वं चालली आणि 79 भागांनंतर बंद पडली. ऐंशीच्या दशकात ती आपल्या दूरदर्शनवरही आली. मी ती तेव्हा घरच्या कृष्णधवल संचावर पाहिली. कॅप्टन कर्क, टोकदार कानांचा मिस्टर स्पॉक आणि त्यांचं ‘एन्टरप्राइज’ हे यान. यानावरच्या लोकांचे सदरे पिवळे, निळे आणि लाल असतात आणि प्रत्येक रंगाला अर्थ असतो, हे मला फार नंतर कळलं. माझ्यासाठी सगळेच सदरे करडे होते. अमेरिकेतही त्या काळी बहुतेक घरांत कृष्णधवल संचच होते. तेव्हा ‘आम्ही पाहिलं तेच मूळ’ असं कुणी छातीठोकपणे म्हणू लागलं, की मला माझे करडे सदरे आठवतात. आठवण आणि मूळ कलाकृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग मूळ म्हणजे काय? ही मालिका 35 मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित झाली होती. त्या फिल्मच्या निगेटिव्हमध्ये जेवढा तपशील असतो, त्याचा थोडासाच अंश तेव्हाच्या टीव्हीवर दिसत असे. म्हणजे चाळीस वर्षांनी निगेटिव्ह नीट धुऊन-पुसून यंत्राने पुन्हा टिपली, तर चित्र 1966 साली दिसलं त्यापेक्षा स्वच्छ दिसतं. यात नवं काही घातलेलं नसतं. हा झाला चुना खरवडण्याचा भाग आणि त्याला सहसा कुणाची हरकत नसते.

अडचण यानाच्या दृश्यांची होती. ‘एन्टरप्राइज’ची मोठी प्रतिकृती सुमारे अकरा फूट लांबीची होती, ती आज वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयात आहे. तिचं चित्रण वेगळं, तारांगणाचं वेगळं, ग्रहाचं वेगळं. मग ही चित्रं एकावर एक फिल्मवर छापली जात. प्रत्येक छपाईला थोडा दाणा वाढे, थोडी धूळ बसे. छोट्या पडद्यावर ते खपून गेलं. मोठ्या पडद्यावर माणसं लख्ख आणि यान मात्र धुळकट, असा प्रकार झाला असता. म्हणून 2006 साली, मालिकेला चाळीस वर्षं झाली तेव्हा, सीबीएस कंपनीने यानाची दृश्यं संगणकावर नव्याने बनवून घेतली. इथे शिखराला हात लागला आणि वाद पेटला.

‘द डूम्सडे मशीन’ हा 1967 सालचा भाग उदाहरणादाखल घेऊ. यात ग्रह गिळत सुटलेलं एक अजस्र यंत्र आहे. ते ज्यापासून बनवलं, ती वस्तू म्हणजे विमानतळावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, सिमेंटमध्ये बुडवून काढलेली! त्याच भागात मोडकळीला आलेलं जे दुसरं यान दिसतं, ते मुलं घरी जोडतात तसल्या प्लॅस्टिकच्या खेळण्याचं आहे. नव्या आवृत्तीत यंत्राच्या जबड्यातली आग दिसते, फुटलेल्या यानाचे मजले दिसतात. एक पक्ष म्हणतो, त्या लोकांकडे पैसा आणि वेळ असता तर त्यांनी हेच केलं असतं. दुसरा पक्ष विचारतो, हे तुम्हाला कसं ठाऊक? पैसा नव्हता म्हणूनच तर त्यांनी युक्त्या काढल्या. माणसं क्षणात ग्रहावर पोहोचवणारं ते प्रसिद्ध यंत्र कथेत आलं, तेसुद्धा दर भागात यान ग्रहावर उतरताना दाखवणं परवडत नव्हतं म्हणून! गरिबी हा त्या मालिकेचा एक लेखकच होता. त्याचं नाव पुसायचं का?

माझं मन दुसऱ्या पक्षाकडे झुकतं, पण पहिल्या पक्षाने एक शहाणपणाची गोष्ट केली हे मान्य केलं पाहिजे. मायकेल आणि डेनिस ओकुडा हे या कामावर देखरेख करणारे दांपत्य जुन्या मालिकेवर जीव असलेलं होतं. नवी दृश्यं जुन्या दृश्यांच्या मांडणीला धरून राहतील, संवाद आणि अभिनय यांना धक्का लागणार नाही, हे पथ्य पाळलं गेलं. आणि 2009 साली ब्लू-रे चकत्या निघाल्या तेव्हा त्यांत जुनी आणि नवी अशी दोन्ही दृश्यं दिली. रिमोटचं बटण दाबा आणि हवं ते पाहा. भांडणातली निम्मी हवा तिथेच गेली.

आता एक उलटी गंमत पाहा. याच नावाची पुढची मालिका, ‘द नेक्स्ट जनरेशन’, 1987 ते 1994 या काळात झाली. नवी मालिका म्हणजे तिचं चित्र अधिक चांगलं, असं आपल्याला वाटेल. झालं उलट. चित्रण फिल्मवरच झालं, पण संकलन आणि यानाची दृश्यं जोडण्याचं काम व्हिडिओ टेपवर झालं. ते स्वस्त आणि झटपट होतं. परिणाम असा, की पूर्ण झालेला भाग फिल्मवर कधी अस्तित्वातच नव्हता. तो फक्त टेपवर, टेपच्या धूसरपणासकट होता. घरात आजोबांचा फोटो लख्ख असावा आणि नातवाचा पुसट, तशातला प्रकार.

ही मालिका रीमास्टर करायची म्हणजे खोक्यांत पडून असलेली मूळ रिळं शोधायची, त्यातला प्रत्येक तुकडा पुन्हा टिपायचा आणि 178 भागांचं संकलन जुन्या भागाबरहुकूम, कापाला काप जुळवत, नव्याने करायचं. 2012 ते 2014 या काळात हे काम खरोखर झालं. चित्राचा जुना, चौकोनी आकारही तसाच ठेवला, कारण चौकट रुंद केली असती तर कडेला उभे असलेले दिवे आणि सामान दिसलं असतं. या कामाबद्दल चाहत्यांत जवळजवळ एकमत आहे: जीर्णोद्धार असावा तर असा. पण चकत्यांची विक्री अपेक्षेएवढी झाली नाही. मग त्यानंतरच्या ‘डीप स्पेस नाइन’ आणि ‘व्हॉयेजर’ या दोन मालिका, मिळून साडेतीनशेच्या आसपास भाग, तशाच राहिल्या. त्यांच्या निगेटिव्हमध्ये सुंदर चित्र दडलेलं आहे आणि पाहायला मिळते ती धूसर टेप. आता काही हौशी लोक संगणकाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेकडून हे चित्र मोठं करून घेतात. पण तिथे यंत्र न दिसणारा तपशील अंदाजाने भरतं. चेहरे मेणाच्या पुतळ्यासारखे गुळगुळीत होतात. सापडलेलं आणि कल्पिलेलं यांतला फरक इथे पुसला जातो.

चित्रांचं असं, आणि कथेचं? ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’ हा 1967 सालचा भाग बहुतेक चाहते ‘स्टार ट्रेक’चा सर्वोत्तम भाग मानतात. कर्क 1930 सालच्या न्यूयॉर्कमध्ये जाऊन पोहोचतो आणि गरिबांना जेवू घालणाऱ्या एडिथ कीलर या स्त्रीच्या प्रेमात पडतो. मग कळतं, की ती अपघातात मेली नाही तर तिच्या शांतता चळवळीमुळे अमेरिका महायुद्धात उशिरा उतरेल आणि जर्मनी जिंकेल. पटकथा हार्लन एलिसन यांची. पण रॉडनबेरी आणि इतरांनी ती बरीच बदलली. एलिसन यांच्या कथेत शेवटच्या क्षणी कर्कच्या हातून कर्तव्य होत नाही, स्पॉकला पुढे व्हावं लागतं. पडद्यावर आलेल्या कथेत कर्क स्वतःच तिला वाचवायला धावणाऱ्या डॉक्टरला धरून ठेवतो. एका आवृत्तीत प्रेमापुढे हतबल झालेला माणूस, दुसरीत काळजावर दगड ठेवणारा कप्तान. एलिसन यांनी हे बदल आयुष्यभर माफ केले नाहीत. त्यांच्या मूळ पटकथेला लेखक संघाचा पुरस्कार मिळाला आणि पडद्यावरच्या भागाला ह्यूगो पुरस्कार! कोणती आवृत्ती खरी, यावर चाहते आजही भांडतात. भांडता येतं, कारण एलिसन यांनी मूळ पटकथा पुढे पुस्तकरूपाने छापली. दोन्ही समोर आहेत.

लेखकाने असं का केलं, या प्रश्नाचं उत्तर कधीकधी कागदावर नसतंच. ‘बॅबिलॉन 5’ ही 1994 ते 1998 या काळातली मालिका. जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांनी ती पाच वर्षांच्या कादंबरीसारखी आधीच आखली होती आणि 110 पैकी 92 भाग स्वतः लिहिले. पहिल्या पर्वानंतर नायकच बदलला. मायकेल ओ’हेअर हे नट गेले, दुसरा कप्तान आला. चाहत्यांनी वर्षानुवर्षं तर्क लढवले: अभिनय जमला नाही, कंपनीने दबाव आणला, लेखकाचा बेत फसला. ओ’हेअर 2012 साली वारले. त्यानंतर 2013 साली स्ट्रॅझिन्स्की यांनी सांगितलं, की ओ’हेअर गंभीर मानसिक आजाराशी झुंजत होते आणि ही गोष्ट आपल्या मृत्यूपर्यंत गुप्त ठेवण्याचं वचन त्यांनी घेतलं होतं. तिसऱ्या पर्वात दोन भागांसाठी ते परत येतात आणि त्यांच्या पात्राची कथा पूर्ण होते. हे ठाऊक झाल्यावर ते भाग पाहताना घशात आवंढा येतो. कथेतलं वळण चुकलं असं आपण बेधडक म्हणतो, तेव्हा ते वळण घेताना कुणी कुणाला सांभाळून घेतलं होतं, हे आपल्याला माहीत नसतं.

याच मालिकेची यानं संगणकावर बनवलेली होती आणि तीही चौकोनी चित्रासाठी. पुढे चकत्यांसाठी चित्र रुंद केलं, तेव्हा यानांची दृश्यं वरून-खालून कापून ताणावी लागली आणि ती फुटली. मूळ संगणकीय फाइली जपलेल्या नव्हत्या. 2021 साली मालिका पुन्हा चौकोनी करून, माणसांची दृश्यं फिल्मवरून टिपून दिली गेली, तेव्हा कुठे ती नीट दिसू लागली. साठच्या दशकातली फिल्म टिकली आणि नव्वदच्या दशकातली फाइल हरवली, हे आपल्यापैकी मोबाइलमध्ये फोटो साठवणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावं.

आणि सगळंच हरवलं तर? बीबीसीची ‘डॉक्टर हू’ 1963 साली सुरू झाली. तिची पहिली कथा दिग्दर्शित करणारे वारिस हुसैन लखनौमध्ये जन्मलेले. बीबीसीने पुढे जुन्या टेप पुसून वापरल्या, फिल्मच्या प्रती टाकून दिल्या. साठच्या दशकातले नव्वदहून अधिक भाग असे गेले. 2013 साली त्यांतले नऊ नायजेरियात मिळाल्याचं जाहीर झालं, तेव्हा लोकांना हर्षवायू व्हायचा बाकी होता. गंमत म्हणजे हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज शिल्लक आहे, कारण काही प्रेक्षकांनी घरी टीव्ही चालू असताना तो टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतला होता. संस्थेने जे पुसलं, ते चाहत्यांनी राखलं. म्हणून चाहत्यांच्या भांडणाला मी रिकामटेकडेपणा म्हणत नाही.

आपल्याकडे 2004 साली ‘मुघल-ए-आझम’ रंगीत होऊन आला, तेव्हा हेच वाद घराघरांत झाले. तिथे निदान जुनी प्रत हाताशी होती. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ 1931 सालचा; तो जुना की नवा, रंगीत की कृष्णधवल, हा वाद घालायची सोयच नाही, कारण त्याची प्रतच उरलेली नाही. पुण्यात 1964 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं, तोवर मूकपटांच्या काळातलं बरंच काही कायमचं गेलं होतं.

म्हणून मला वाटतं, नवा रंग द्यायला हरकत नाही. प्रत्येक पिढीने जुनी गोष्ट आपल्या डोळ्यांनी पाहावी. मात्र पथ्यं दोन. जे बदललं ते बदललं असं स्पष्ट सांगावं, आणि मूळ प्रत पाहणाऱ्याच्या हाताला लागेल अशी ठेवावी. सिमेंटमध्ये बुडवलेली ती कापडी नळी आज हास्यास्पद वाटेल. पण तिच्याकडे बघून एका माणसाने पडद्यावर खरी भीती उभी केली होती, आणि ती भीती आजही खरी वाटते. ती कशाच्या बळावर उभी केली, हे पुढच्यांना पाहता आलं पाहिजे.