प्रतिहायड्रोजन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

प्रतिहायड्रोजन हा प्रतिद्रव्याचा सर्वांत साधा अणू. त्याच्या केंद्रस्थानी ऋणभारित प्रतिप्रोटॉन असतो आणि इलेक्ट्रॉनच्या जागी धनभारित पॉझिट्रॉन.

प्रतिद्रव्य केवळ विज्ञानकथांत असते, हा समज कधीच कालबाह्य झाला आहे. कार्ल अँडरसन यांना 1932 मध्ये विश्वकिरणांत पॉझिट्रॉन सापडला. आज रुग्णालयांतील पेट स्कॅन त्याच्याच आधारे होतो. अख्खा प्रतिअणू मात्र 1995 मध्ये जिनीव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत प्रथम तयार झाला. ते जेमतेम नऊ अणू होते आणि इतके वेगवान, की त्यांच्या गुणधर्मांचे मोजमाप करण्याची सोयच नव्हती.

प्रतिद्रव्य साठवताच येत नाही, हेही खरे नाही. भांड्याच्या भिंतीला स्पर्श होताच ते नष्ट होते, म्हणून त्याला भिंतीपासून दूर ठेवावे लागते. प्रतिहायड्रोजन उदासीन असला, तरी तो अतिसूक्ष्म चुंबकासारखा वागतो. त्यामुळे निर्वात नळीत मध्यभागी क्षीण आणि कडांकडे तीव्र होत जाणारे चुंबकीय क्षेत्र त्याला अडवून धरते. पकड फारच नाजूक: निरपेक्ष शून्यापेक्षा सुमारे अर्ध्या केल्विनहून अधिक ‘गरम’ अणू निसटून जातात. सर्नच्या ‘अल्फा’ गटाने 2010 मध्ये असे अणू प्रथम पकडले आणि 2011 मध्ये ते सुमारे 1000 सेकंद टिकवले.

बाँबची धास्ती कागदावरच्या हिशेबातून येते. एक ग्रॅम प्रतिद्रव्य तितक्याच द्रव्याशी मिळून नष्ट झाले, तर प्रचंड ऊर्जा मुक्त होईल, हे बरोबर. पण तो ग्रॅम आणायचा कुठून? सर्नमध्ये आजवर बनलेले सगळे प्रतिद्रव्य एकदम नष्ट केले, तरी विजेचा एक दिवा काही मिनिटेच जळेल.

प्रतिद्रव्य वरच्या दिशेने ‘पडते’ ही कल्पना बरीच लोकप्रिय होती, बहुतेक भौतिकशास्त्रज्ञांचा तिच्यावर विश्वास नसला तरी. 2023 मध्ये अल्फा गटाने उभ्या सापळ्याची वरची व खालची चुंबकीय अडसरे हळूहळू सैल केली. सुमारे 80 टक्के अणू खालून बाहेर पडले. त्यावरून काढलेले त्वरण नेहमीच्या गुरुत्वत्वरणाच्या 0.75 पट भरले. अनिश्चितता लक्षात घेता ते 1 शी सुसंगत आहे. वर पडण्याची शक्यता मात्र बाद झाली.

‘फरक सापडला नाही, म्हणजे प्रयोग फुकट गेला’ हा समज सर्वांत घट्ट रुजलेला, आणि सर्वांत चुकीचा. भार, दिशा आणि काळ ही तिन्ही एकाच वेळी उलटवली तरी भौतिकीचे नियम बदलत नाहीत, असे सीपीटी प्रमेय सांगते. त्यामुळे हायड्रोजन व प्रतिहायड्रोजन यांच्या वर्णरेषा तंतोतंत जुळायला हव्यात. हे प्रमेय विशेष सापेक्षता आणि क्वांटम क्षेत्र सिद्धांत यांच्या पायावर उभे असल्याने शेवटच्या अंकातला खराखुरा फरकही त्या पायालाच धक्का देईल. 243 नॅनोमीटरच्या लेझरने प्रतिअणूला तळपातळीवरून पहिल्या उत्तेजित पातळीवर नेऊन ही तपासणी होते. 2018 मध्ये ती एक लाख कोटीत दोन भागांपर्यंत अचूक झाली आणि मेळ कायम राहिला. साध्या हायड्रोजनचे मोजमाप त्याहूनही शेकडो पटींनी अचूक आहे.

याचा अर्थ द्रव्य व प्रतिद्रव्य यांच्यात कुठेच भेद नाही, असाही होत नाही. केऑन कणांच्या क्षयात 1964 मध्येच असा भेद दिसला. तो सीपीटीच्या चौकटीत बसतो. पण विश्वात द्रव्यच का उरले, हे समजावून सांगायला आजवर मोजलेला भेद फार अपुरा पडतो. 2021 मध्ये अल्फा गटाने प्रतिअणू लेझरने आणखी थंड करून दाखवले. हालचाल मंदावली की वर्णरेषा अरुंद होते आणि पुढचा अंक वाचता येतो.