कॅप्सूल घेतली, पण विरघळली का?

आजचा एपिसोड माझ्याच मूर्खपणावरून सुचलाय. मागच्या पावसाळ्यात रोज कर्जतहून लोकल, ठाण्याला गाडी बदलून ऐरोली. ओली जीन्स, वर दिवसभर एसी. कमरेवर गजकर्ण उठलं. डॉक्टरांनी इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल दिल्या आणि बजावलं, "भरपेट जेवून घे." मी मात्र पहाटेच्या लोकलआधी, रिकाम्या पोटी घ्यायचो. वर अ‍ॅसिडिटीची गोळी! तीन आठवड्यांनी गजकर्ण जिथल्या तिथे.

झालं असं की हे औषध पाण्यात जवळपास विरघळतच नाही. पोटातल्या आम्लात थोडंफार विरघळतं, आणि मी तेच आम्ल मारत होतो. न विरघळलेलं औषध आतड्यातून रक्तात जाणार कसं?

एक कॅप्सूल उघडून बघितली. आत राजगिऱ्यासारखे गोल दाणे. मध्ये साखर आणि तिच्यावर औषध व एचपीएमसी नावाच्या पॉलिमरचा थर. स्फटिकात औषधाचे रेणू एकमेकांना घट्ट धरून बसतात. इथे ते पॉलिमरमध्ये विखरून ठेवलेत, म्हणून सुटायला सोपे. हे नॅनोकण नव्हेत, पण पॉलिमरचं काम साधारण तेच.

नॅनोकणांत आणखी एक फायदा मिळतो, पृष्ठभागाचा. कर्जत लोकलमधून आधी कोण उतरतं? दारातले. दारं जास्त, तर गाडी लवकर रिकामी. 1 मिलिमीटरच्या घनाचे 100 नॅनोमीटरचे तुकडे केले तर ते होतात 1 लाख कोटी, आणि उघडा पृष्ठभाग वाढतो 10 हजार पट! पृष्ठभाग आणि विरघळण्याचा वेग यांचं नातं नॉयस आणि व्हिटनी यांनी 1897 मध्येच मांडलं होतं.

बनवायची एक पद्धत भारी आहे. औषध आणि पॉलिमर अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवायचे आणि ते ढवळत्या पाण्यात थेंब थेंब सोडायचं. अ‍ॅसिटोन पाण्यात पसरतं, औषधाचा आधार जातो आणि ते बारीक कण होऊन बाहेर पडतं. पॉलिमर त्यांना वेढतो. तो नसेल तर कण पुन्हा चिकटतात. आपल्याकडे जुलैमध्ये पिठीसाखरेचा दगड होतो ना, कारण वेगळं, पण डोकेदुखी तीच. नंतर अ‍ॅसिटोन पूर्ण काढावं लागतं. वाळवताना कण परत गोळा होऊ नयेत म्हणून मॅनिटॉलसारखी साखर घालतात. बीकरमध्ये जमलं म्हणून कारखान्यात टनांनी जमेलच असं नाही. आपल्या खालापूरच्या बाजूला, पाताळगंगा एमआयडीसीत सिप्लासारख्या औषध कंपन्या आहेत. तिथं काम करणाऱ्या कुणालाही विचारा, प्रत्येक बॅच सारखी निघणं हीच खरी परीक्षा.

माझा कोर्स डॉक्टरांनी वाढवला. आता कॅप्सूल दुपारचा डबा संपवून घेतो, आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळीचं त्यांना आधी सांगितलंय.